गणपतीचं तिकीट, पावणेआठची आठवण आणि चॅटबॉट

फोनला मराठीत सांगायचं, ‘१४ जुलैला सकाळी पावणेआठला गणपतीच्या तिकिटाची आठवण कर’, आणि फोनने ती करायची. मागणी एवढीच. पण या एका वाक्यामागे तीन कामं आहेत. बोललेलं समजून तारीख आणि वेळ टिपणं, ती नोंद महिनोन्महिने सांभाळणं, आणि ठरल्या मिनिटाला आवाज करणं. पहिल्या कामात आजचे चॅटबॉट कुठल्याही रिमाइंडर ॲपपेक्षा हुशार आहेत. तिसऱ्या कामात त्यांच्यावर विसंबू नये. त्यामुळे निकाल आधीच: लिहून घ्यायला चॅटबॉट, वाजवायला फोनचं स्वतःचं घड्याळ, कॅलेंडर किंवा रिमाइंडर ॲप.

आठवण करायला सांगितली की चॅटबॉट सहसा नाही म्हणत नाही, ही त्याची खोड. ज्याच्याकडे वेळेवर जागं होण्याची सोयच नाही, तोसुद्धा ‘हो, उद्या सातला नक्की आठवण करून देईन’ असं गोड उत्तर देऊ शकतो. मजकूर जुळवणं हे त्याचं काम. त्या मजकुरामागे घड्याळ लागलंय की नाही, हे उत्तरावरून कळत नाही. म्हणून उत्तर वाचून समाधान मानू नका, नोंद शोधा. चॅटजीपीटीत काम खरंच लागलं असेल तर त्याचं वेगळं कार्ड चॅटमध्ये दिसतं आणि टास्क्सच्या यादीतही ते सापडतं. गूगलच्या जेमिनीत साधी आठवण गूगल टास्क्स या कामांच्या यादीच्या ॲपमध्ये जाऊन बसते. टास्क्स उघडा, तिथे ओळ आणि तिच्यापुढे वेळ दिसली तर काम झालं. नाही दिसली तर झालेलं नाही, मग जेमिनी काहीही म्हणो.

चॅटजीपीटीचे टास्क्स जानेवारी २०२५ मध्ये आले, तेव्हा फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी आणि एका वेळी १० चालू कामांची मर्यादा घेऊन. जेमिनीचे शेड्यूल्ड ॲक्शन्स (ठरल्या वेळी चॅटबॉटने आपोआप करायची कामं) त्याच वर्षी जूनमध्ये आले, तेही पैसे भरणाऱ्यांसाठी आणि मर्यादा तीच. दहा म्हणजे किती कमी, ते घरातली कामं मोजली की कळतं: वीजबिल, महानगर गॅसचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, लोकलचा पास, गाडीची पीयूसी, गाडीचा विमा आणि आजीच्या तीन वेळच्या गोळ्या. यादी इथेच भरली. जेमिनीत मात्र साध्या आठवणीसाठी शेड्यूल्ड ॲक्शन लागतच नाही. ‘उद्या सातला आठवण कर’ हे काम गूगल टास्क्सकडे जातं आणि फुकट होतं. दहाची मर्यादा लागते ती चॅटबॉटने ठरल्या वेळी स्वतः काहीतरी शोधून सांगायचं असेल तेव्हा. हा फरक लक्षात न आल्यामुळे लोक उगाच पैसे भरतात.

नोंद सांभाळण्याबद्दल एक गोष्ट. व्हॉट्सॲपवर चॅटजीपीटीशी बोलायची सोय १५ जानेवारी २०२६ पासून बंद झाली, कारण व्हॉट्सॲपने सर्वसाधारण चॅटबॉटसाठी आपलं व्यावसायिक दारच बंद केलं. सहा महिन्यांनंतरची आठवण अशा भाड्याच्या जागेत ठेवू नये. ती कॅलेंडरमध्ये हवी, म्हणजे चॅटबॉट बदलला तरी ती तिथेच राहील.

आता चॅटबॉट जिथे खरंच उपयोगी पडतात तिकडे येऊ. टूडूइस्ट हे कामांच्या यादीचं ॲप वाक्यातून वेळ ओळखतं, पण त्याला ज्या भाषा कळतात त्यांत मराठी नाही. ‘दर सोमवारी पावणेआठला’ असं त्यात लिहिलं तर ते नुसतं कामाचं नाव म्हणून पडून राहतं, वेळ लागत नाही. जेमिनीचं ॲप भारतात जून २०२४ मध्ये आलं तेव्हापासून त्यात मराठी आहे. सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच हे टाइप करून दिलं तर जेमिनी आणि चॅटजीपीटी दोघांनाही सहसा कळतं. घोळ होतो तो बोलून दिल्यावर, आणि तोही समजण्यात नाही, ऐकण्यात. फलाटावरच्या गोंगाटात ‘पावणे’ गळतं आणि उरतं नुसतं ‘आठ’. रेल्वेचं आरक्षण सकाळी आठला उघडतं, त्यामुळे इथे पंधरा मिनिटं म्हणजे तिकीट मिळणं आणि प्रतीक्षायादी यांतला फरक.

काही शब्दांत यंत्राचा दोष नाही, आपलीच बोलण्याची तऱ्हा तशी आहे. ‘आठ दिवसांनी’ म्हणजे आपल्या लेखी पुढच्या आठवड्यातला हाच वार. यंत्र खरोखर आठ मोजू शकतं आणि एक दिवस पुढे जातं. ‘पंधरा दिवसांनी’चंही तेच. ‘शनिवारी रात्री बाराला’ म्हणजे शुक्रवार संपतानाचे बारा की शनिवार संपतानाचे, हे माणसांनाही विचारावं लागतं. उपाय सोपा आहे. प्रत्येक सांगण्याच्या शेवटी जोडा: ‘लावण्याआधी वार, तारीख आणि चोवीस तासांच्या घड्याळातली वेळ लिहून दाखव.’ उत्तरात ‘मंगळवार, १४ जुलै २०२६, ०७:४५’ असं आलं की वार आणि तारीख एकमेकांची तपासणी करतात. दोन्ही जुळत नसतील तर काहीतरी चुकलंय, हे चटकन दिसतं.

पण ही १४ जुलै आली कुठून? २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. शनिवारी, १२ सप्टेंबरला कोकणात निघायचं तर प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी आरक्षण उघडतं, म्हणजे १४ जुलैला. चॅटबॉट इथे दोन प्रकारे चुकू शकतो. एक, १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती आणि जुन्या माहितीवर शिकलेला चॅटबॉट अजूनही तीच धरू शकतो. दोन, ६० दिवसांना तो सरळ ‘दोन महिने’ समजून १२ जुलै सांगतो. म्हणून नियम त्याला विचारू नका, नियम तुम्ही द्या आणि मोजायचं काम त्याच्यावर सोडा: ‘१२ सप्टेंबरच्या ६० दिवस आधीची तारीख काढ, १२ सप्टेंबर मोजू नको.’ मग तीच मोजणी कॅलेंडरवर बोट ठेवून एकदा ताडून बघा: सप्टेंबरचे ११, ऑगस्टचे ३१, जुलैचे १८ (१४ ते ३१), एकूण ६०.

तत्काळसाठी आठवण लावताना आणखी एक गाठ आहे. एसीसाठी सकाळी १० आणि बिनएसीसाठी ११ ही वेळ सगळ्यांना पाठ असते. आदला दिवस मात्र गाडी जिथून सुटते तिथला धरतात. परतीच्या प्रवासात केरळहून येणारी गाडी रत्नागिरीला दुसऱ्या दिवशी पोचत असेल, तर तुमच्या चढण्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी तत्काळ उघडून एक दिवस झालेला असतो. आठवण लावण्याआधी गाडीची सुटण्याची तारीख बघा. हे चॅटबॉट आपणहून क्वचितच विचारतो.

तिथीच्या बाबतीत तर चॅटबॉट आणि ॲप दोन्ही कच्चे आहेत. संकष्टीसाठी ‘दर ३० दिवसांनी’ लावलं तर दोन-तीन महिन्यांत घसरतं, कारण दोन संकष्टींमध्ये कधी २९ दिवस असतात, कधी ३०. वार्षिक आठवण तर आणखी फसवते: २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, ‘दर वर्षी’ असं लावून ठेवलेली आठवण २०२६ मध्ये १८ दिवस आधीच वाजेल. याचं कारण १७ मे ते १५ जून २०२६ हा अधिक ज्येष्ठ. वडिलांचं श्राद्ध किंवा तिथीने येणारा वाढदिवस असाच सरकतो. गूगल कॅलेंडर किंवा ॲपल रिमाइंडर्समध्ये पुनरावृत्तीसाठी तिथी निवडायची सोय नाही. चॅटबॉटला वर्षभराच्या संकष्टी विचारल्या तर तो बेधडक यादी देतो. तीत एखादी तारीख चुकलेली असली तरी सूर तोच. चंद्रोदयाची वेळ विचारली तर ती कुठल्या गावची हेही बघा. नागपूर आणि मुंबई यांच्या चंद्रोदयात साधारण अर्ध्या तासाचा फरक पडतो, आणि उपास सोडायला तेवढा पुरे.

इथे भिंतीवरचं पंचांग आणि चॅटबॉट यांची जोडी चांगली जमते. छापील पानाचा फोटो चॅटबॉटला द्या आणि त्यातल्या तारखांची कॅलेंडरची आयसीएस फाइल करून मागा. फाइलमध्ये प्रत्येक नोंदीला ‘आशिया/कोलकाता’ हा टाइमझोन लिहायला सांगा. तो न लिहिता वेळ जागतिक प्रमाणवेळेत पडली तर सकाळी ९ ची नोंद दुपारी २:३० ला दिसते. अशी फाइल गूगल कॅलेंडरमध्ये कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधूनच आयात होते, मोबाइल ॲपमधून नाही. आयात नव्याने केलेल्या वेगळ्या कॅलेंडरमध्ये करा, म्हणजे गडबड झाली तर ते एक कॅलेंडर उडवलं की सगळं साफ. आयातीनंतर दोन-तीन नोंदी उघडून सूचना किती वाजता येणार तेही बघा, कारण फाइलमधला गजर न घेता कॅलेंडर स्वतःची ठरलेली वेळ लावू शकतं. शाळेच्या सुट्ट्यांचं पत्रक, सोसायटीची पाण्याच्या टाकीच्या सफाईची नोटीस, लसीकरणाचं कार्ड या सगळ्याला हीच रीत लागू पडते. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो द्यायचा असेल तर नाव आणि पत्ता झाकून द्या.

शेड्यूल्ड ॲक्शनवर एखादी जागा खर्च करायची असेल तर ती मेगाब्लॉकवर करावी, म्हणजे दुरुस्तीसाठी रविवारी मुंबईच्या लोकल बंद किंवा वळवलेल्या असतात त्यावर. ‘दर शनिवारी रात्री आठला उद्याचा मेगाब्लॉक शोध. मुख्य मार्ग, हार्बर आणि पश्चिम यांपैकी कुठे, किती ते किती, आणि माटुंगा ते मुलुंड जलद गाड्या धीम्या मार्गावर आहेत का, एवढंच सांग. ब्लॉक नसेल तर “नाही” एवढंच लिही.’ हे काम कुठल्याही रिमाइंडर ॲपला जमणार नाही, कारण इथे नुसतं वाजायचं नाही, आधी बघायचं आहे. ‘फक्त याच रविवारच्या तारखेची बातमी घे’ असं त्यात नक्की लिहा, नाहीतर मागच्या आठवड्याचा ब्लॉक नव्या नावाने समोर येतो. पावसाळ्यात हवामान खात्याचा इशारा आणि भरतीची वेळ रोज सकाळी काढून मागायलाही ही सोय चांगली आहे. अशा सूचना पाच-दहा मिनिटं मागेपुढे आल्या तरी बिघडत नाही. बिघडतं ते गोळीचं आणि तत्काळचं.

चॅटबॉटची सूचना सर्व्हरवरून निघते, तिला फोनपर्यंत यायला नेट लागतं. भुयारी मेट्रोत किंवा कोस्टल रोडच्या बोगद्यात नेटवर्क गेलं की ती बाहेर आल्यावर पोचते. शिवाय ती साधं नोटिफिकेशन असते, एकदा टिंग करून गप्प. फोनच्या घड्याळातला गजर, कॅलेंडर आणि बहुतेक रिमाइंडर ॲप आपली वेळ फोनमध्येच ठेवतात, त्यांना वाजताना नेट लागत नाही. आयफोनवरचं ड्यू हे ॲप तर झालं म्हणेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने पुन्हा वाजत राहतं. विसराळू माणसाला इतर सगळ्या सोयींपेक्षा हीच जास्त कामाची.

अँड्रॉइडवर मात्र चांगलं ॲपही मुकं होऊ शकतं आणि दोष बहुतेक वेळा ॲपचा नसतो. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चालणारी ॲप झोपवतो. अँड्रॉइड १२ पासून नेमक्या मिनिटाला वाजण्यासाठी ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’ ही वेगळी परवानगी आली, १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते, आणि १४ पासून नव्याने टाकलेल्या बऱ्याच ॲपना ती पहिली परवानगी मुळात बंदच मिळते. त्यामुळे नव्या फोनवर जुनंच ॲप टाकलं आणि ते उशिरा वाजायला लागलं, की आधी ही परवानगी बघा. शाओमी आणि रेडमीवर ॲपच्या माहितीत ऑटोस्टार्ट चालू करा आणि बॅटरी सेव्हरमध्ये ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा. ओप्पो आणि रिअलमीवर ऑटो लॉन्च आणि बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटीला मुभा द्या. सॅमसंगवर बॅटरीच्या सेटिंगमध्ये कधीही न झोपणाऱ्या ॲपची यादी असते, तीत ते घाला. ‘फोर्स स्टॉप’ दाबलंत तर त्या ॲपचे लागलेले सगळे गजर पुसले जातात. ॲप पुन्हा उघडेपर्यंत ते परत लागत नाहीत.

हे सगळं केल्यावर चाचणी घ्या. वीस मिनिटांनंतरची आठवण लावा, अलीकडच्या ॲपच्या यादीतून ॲप सरकवून टाका, स्क्रीन बंद करून फोन चार्जरशिवाय टेबलावर ठेवा. वाजला तर दुसरी आठवण लावा, फोन बंद करून चालू करा आणि ॲप न उघडता तिची वाट बघा. शेवटी रात्रभर पडून राहिल्यावर सकाळची आठवण वेळेवर येते का ते बघा. झोपलेल्या फोनची खरी परीक्षा तीच. यांतल्या एकातही नापास झालेल्या ॲपवर गोळ्यांची आठवण ठेवू नका.

जागेवरून लागणाऱ्या आठवणींची जाहिरात जेवढी होते तेवढी मुंबईत त्यांची गंमत राहत नाही. ‘दादरला पोचलो की फुलांची आठवण कर’ ऐकायला झकास वाटतं. गूगल टास्क्समध्ये ही सोय नाहीच. ॲपल रिमाइंडर्समध्ये आहे, पण गाडीचा वेग आड येतो. १५० मीटर त्रिज्येचं वर्तुळ ताशी ६० किलोमीटरने जाणारी लोकल, थांबा सोडला तर, १८ सेकंदांत ओलांडते, आणि खिशातला फोन आपली जागा सतत तपासत नाही. सूचना यावी तेव्हा गाडी प्रभादेवी सोडून पुढे गेलेली असू शकते. त्यावर उपाय म्हणजे नकाशावर बोटाने वर्तुळ ओढून मोठं करायचं. दादरभोवती साधारण दोन किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ असेल तर वांद्र्याकडून येताना माहीम सुटल्यावर सूचना येते, दारापाशी सरकायला वेळ मिळतो. माटुंग्यात किंवा प्रभादेवीत राहणाऱ्यांना मात्र याचा उपयोग नाही, ते घरी असतानाही वर्तुळाच्या आतच असतात. त्यांनी सरळ वेळेची आठवण लावावी.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांत दोन खाचखळगे. गूगल कॅलेंडरमध्ये ‘दर महिन्याच्या ३१ ला’ असं लावलं तर ज्या महिन्यात ३१ नाही तो महिना गाळला जातो, म्हणजे वर्षातले पाच. महिनाअखेरीचं काम २८ ला लावा, किंवा टूडूइस्टमध्ये महिन्याचा शेवटचा दिवस असं सांगता येतं ते वापरा. दुसरा प्रश्न मोजायला सुरुवात कुठून करायची याचा. शाळेची फी दर तीन महिन्यांनी ठरलेल्या तारखेलाच येते. पाण्याच्या फिल्टरची कँडल मात्र प्रत्यक्ष बदलली त्या दिवसापासून मोजायची. टूडूइस्टमध्ये ‘एव्हरी’ शब्दापुढे उद्गारचिन्ह दिलं की काम पूर्ण केलेल्या दिवसापासून मोजणी होते, नाही दिलं तर मूळ तारखेपासून. गूगल टास्क्सला हा फरक माहीत नाही.

राहिल्या आजीच्या गोळ्या. तुमच्या कॅलेंडरमधून तिला आमंत्रण पाठवून भागत नाही, कारण पाहुण्याला सूचना त्याच्या स्वतःच्या सेटिंगनुसार येते, तुमच्या नाही. गूगल टास्क्समध्ये एका कामाला दिवसातली एकच वेळ लागते, म्हणून तीन वेळांची तीन कामं करावी लागतात, आणि काल टिक न केलेली गोळी आजही यादीत उभी राहते. आजी ती बघून दुप्पट घेईल ही भीती खरी आहे. तिच्या फोनच्या घड्याळात रोजचे तीन गजर लावा. नावं मराठीत घाला: ‘थायरॉईड, उपाशीपोटी’, ‘बीपी, जेवणानंतर’, ‘रात्रीची पांढरी’. गजर सहसा सायलेंटवरही वाजतो, नेट मागत नाही, आणि एकदा टिंग करून गप्प बसत नाही. पाच दिवसांचा औषधांचा कोर्स असेल तर एक लक्षात ठेवा, घड्याळाला शेवटची तारीख कळत नाही. तो गजर सहाव्या दिवशी काढण्याची नोंद तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये करून ठेवा.